बद्रीशेठच्या काचेतला फोटो

आमच्या अप्पांचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या चरवीत ते बोट बुडवून बघत. एसटीच्या कंडक्टरनं दिलेलं तिकीट उजेडात धरून वाचत. मठातल्या स्वामींनी दिलेला प्रसादाचा पेढासुद्धा आधी नाकाशी जाई आणि मग कपाळाशी. माय म्हणायची, "ह्या माणसानं लग्नात अंतरपाट सरकवून माझं तोंड बघून घेतलतं, भलतीच पोरगी उभी केली का काय म्हणून." माय हे हसत सांगायची, पण ते खोटं नव्हतं.

सिरसाळ्याच्या बाजारपेठेत अप्पांचा फोटो स्टुडिओ होता. ईश्वरप्पांचा स्टुडिओ कुठं, म्हणून विचारलं तर कुणीही बोट करून दाखवायचं. पण अप्पांची खरी शाळा म्हणजे बैलबाजार. आजोबा बैलांचे पारखी होते आणि अप्पा लहानपणी त्यांच्या मागं मागं हिंडले होते. दात बघायचे, खूर उचलून बघायचा, शिंगाचा रंग नखानं खरवडायचा, पाठीवरून हात फिरवताना जनावर कुठं अंग चोरतं ते हेरायचं आणि शेवटी भरल्या गाडीला जुंपून चिखलातून काढायचं. फोटोच्या धंद्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांची नजर बदलली नाही. दुकानात नवं माणूस आलं की ते आधी त्याच्या चालीकडं बघत.

त्या बाजारातून अप्पांनी एक वाक्य घरी आणलं होतं. "जो आपल्या तोंडानं एक खोड सांगतो, त्यानं दुसरी लपवलेली असती." बैलांचे दलाल असंच करतात म्हणे. बैलाचं शिंग जरा वाकडं आहे हे आपणहून सांगून टाकतात. घेणाऱ्याला वाटतं, माणूस खरा आहे. तो शिंगाकडं बघत बसतो आणि घरी आल्यावर कळतं की बैल नांगराला जुंपला की खाली बसतो. हे वाक्य आमच्या घरात सणावारालासुद्धा ऐकू यायचं.

मी रुद्राणी, ह्या अप्पांची एकुलती एक मुलगी. माझ्या डाव्या गालापासून हनुवटीच्या कडेनं मानेपर्यंत भाजल्याचा डाग आहे. मी चौथीत होते. लग्नसराई होती, अप्पा फोटो काढायला बाहेरगावी गेलते, घरी पाहुणे आलते आणि माय त्यांच्यासाठी कुरडया तळत होती. मी कढईजवळून पळाले, मायचा पदर अडकला की माझा पाय अडकला कुणास ठाऊक, तेल उडालं. मायनं कोरफडीचा गर लावून लावून मला बरं केलं. डाग मानेच्या मुळाशी संपतो. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं हे कितीदा सांगावं लागलं याला गणती नाही.

अप्पा दुसऱ्यांच्या मुलींचे स्थळाचे फोटो काढत तेव्हा निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून त्यांना उजळ करून देत. कुणाचे देवीचे व्रण जात, कुणाची नाकाची बाजू बारीक होई. सगळ्या पंचक्रोशीतल्या मुली अप्पांच्या पेन्सिलीनं गोऱ्या होऊन नांदायला गेल्या. माझा फोटो मात्र त्यांनी मुद्दाम डावा गाल पुढं करून काढला आणि त्यावर पेन्सिल टेकवली नाही. "उद्या पाव्हण्यांनी फसवलं म्हणू नये," ते म्हणाले. मला तेव्हा राग आला होता, आणि अभिमानही वाटला होता.

तो फोटो बघून पहिली दोन-तीन स्थळं आलीच नाहीत. मग अंबाजोगाईचं स्थळ आलं. केदारनाथ, पतसंस्थेत नोकरीला. घरचे बघायला आले तेव्हा सगळी माणसं माझ्या गालाकडं न बघण्याची कसरत करत होती. केदारनाथनं मात्र सरळ विचारलं, "हे कशानं झालं?"

मी सांगितलं, कुरडयांच्या तेलानं. तो हसला. "माझ्या पाठीवर हाय. बंबातलं पाणी सांडलं होतं. कुरडया तरी मिळाल्या का मग खायाला?"

मला तो मुलगा आवडला. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी कॉम्प्युटरचा क्लास केलाय हे कळल्यावर तो म्हणाला होता की हे काम अंबाजोगाईतही घरबसल्या करता येईल. लग्न झाल्यावर मी कुठं बसून काय करीन, याचा विचार त्यानं केला होता. फोटो मामांना दाखवायचा आहे, दसऱ्यानंतर कळवतो, असं सांगून ते गेले. त्या दिवसापासून मी दसऱ्याची वाट बघत होते.

अप्पा मात्र दसऱ्याची वाट दुसऱ्याच कारणासाठी बघत होते. एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. परळीत, माजलगावात फोटोचं मिक्सिंग करून देणारे निघाले होते. नवरानवरी गुलाबाच्या फुलात, नवरानवरी चंद्रावर, नवरानवरी काश्मीरच्या तळ्यात. गिऱ्हाईक अप्पांना विचारायला लागलं, "तुमच्यात तळं न्हाई का?" शेवटी दसऱ्याच्या मुहूर्तावर कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. तो स्टुडिओत नाही, घरात ठेवायचा. पुढच्या खोलीत टेबल टाकून मी लग्नपत्रिका करायच्या, लोकांचे अर्ज टाईप करायचे आणि फोटो दुरुस्त करायचे.

क्लासात शिकले होते ते मी अप्पांना सांगितलं. फोटोच्या कामाला मेमरी जास्त लागते, पडदा चांगला लागतो, स्कॅनर लागतो, आणि आपल्याकडं वीज जाते म्हणून यूपीएस लागतो. बाकीच्या गोष्टी नंतर घेता येतात.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"क्लासच्या सरांनी."

"सराला कुणाकडून कमिशन मिळतं?" अप्पांनी विचारलं आणि विषय संपला.

मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. मेमरी म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं आणि ज्याला कळतं त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तेव्हा बैल जसा भरल्या गाडीला जुंपून बघायचा, तसा कॉम्प्युटर जुंपून बघायचा. प्रत्येक दुकानात एकच फोटो द्यायचा, एकच काम सांगायचं, आणि कुणाची मशीन ते काम साफ करते ते बघायचं. फोटोवर काम करायचं तर फोटोत खोट पाहिजे. आणि आमच्या घरात अशी चांगली ठसठशीत खोट असलेला, पेन्सिल न लावलेला एकच फोटो होता.

"माझा फोटो कावून?" मी म्हणाले. "दुसरा कुणाचा घ्या ना."

"गिऱ्हाइकाचा फोटो दुकानादुकानात दाखवत फिरू का? आपला असला म्हंजी कुणाला बोलायला जागा न्हाई."

त्यांच्या दृष्टीनं हे बरोबरच होतं.

आधी आम्ही अंबाजोगाईला सिद्धारामच्या दुकानात गेलो. जिना चढून वर एक लहानशी खोली. टेबलावर कॉम्प्युटरचे डबे उघडेच पडलेले, आतल्या वायरी बाहेर आलेल्या. सिद्धाराम तिशीतला असेल, बोलताना स्क्रूड्रायव्हरनं कान खाजवायचा.

"डबा उघडून दाखव," अप्पा म्हणाले.

"उघडाच हाय की, काका."

अप्पांनी चष्मा वर करून आत बघितलं, बोटानं एक वायर हलवून बघितली. मला वाटतं त्यांना दात कुठं असतात ते सापडत नव्हतं.

सिद्धारामनं मला विचारलं की काम काय करणार, दिवसाला किती फोटो, छापणार घरी की बाहेर. मग म्हणाला, "स्पीकर घिऊ नका. तुमाला गाणी ऐकायचीत का फोटो करायचेत? त्येच्या जागी मेमरी दुप्पट घ्या. अन् हा मॉनिटर मोठा हाय, फोटोला लई बरा, पण आधीच सांगतो, उजवा कोपरा जरा पिवळा मारतो. रंग बघताना तेवढा कोपरा सोडून बघायचा. नवाच पायजे तर दिवाळीपर्यंत थांबा."

अप्पांचे डोळे बारीक झाले. मी ते बघितलं आणि सिद्धारामचं दुकान हातचं गेलं हे मला तिथंच कळलं.

तरी त्यांनी पिशवीतून माझा फोटो काढून दिला. "ह्यातला डाग काढून दाखव."

सिद्धारामनं फोटो स्कॅनरवर ठेवला. माझा चेहरा पडद्यावर ओळीओळीनं खाली उतरत आला. त्यानं गालावरची चांगली कातडी उचलून डागावर लावली, थोडी इकडून, थोडी तिकडून, चुलीला पोतेरं फिरवावं तशी. डाग गेला. बिनडागाची मी पहिल्यांदाच बघत होते. मला आनंद होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. ती मुलगी माझी एखादी मावसबहीण असावी आणि तिचं माझं फारसं पटत नसावं, असं वाटलं.

"छापून दे," अप्पा म्हणाले.

"छापत न्हाई, काका."

"कावून?"

"स्थळाचा फोटो दिसतोय. असला फोटो एकदा भाईर गेला की हातोहात फिरतो. उगं भानगड नको." आणि त्यानं आमच्यासमोर ती फाईल पुसून टाकली.

जिना उतरता उतरता अप्पांनी निकाल दिला. "बघितलं का? कोपरा पिवळा हाय म्हणून आपणहून सांगितलं. स्पीकर घिऊ नका म्हणला. आपलाच माल कमी घ्या म्हणणारा दुकानदार कुठं बघितलाय का? अन् छापायच्या वक्ताला माघार घेतली. मशीनीत दमच न्हाई. एक खोड सांगितली, दुसरी लपवली."

"अप्पा, त्याचं बोलणं खरं वाटत होतं."

"तेच तर," अप्पा म्हणाले. "लईच खरं वाटत होतं."

परळीला बद्रीनाथ शेठचं दुकान म्हणजे नुसता थाट. काचेचं दार, आत गारवा, चपला बाहेर. बसायच्या आधी हातात थंड बाटली आली. बद्रीशेठनं डबा उघडला, आतून फिरवून दाखवला, पुन्हा बंद केला आणि स्क्रूंवर चंदेरी चिकट्या लावल्या. मेमरी चौसष्ट, स्पीकर दोन, प्रत्येक स्पीकर मांजराएवढा.

"ह्यात खोट काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"ह्यात?" बद्रीशेठला हसू आलं. "अप्पा, एक खोट काढून दाखवा, मशीन फुकट घिऊन जावा."

अप्पांना हे आवडलं. खोट नाही म्हणणारा माणूस त्यांना कळत होता. बाजारात सगळे तसंच म्हणतात, मग आपण शोधायची असते.

बद्रीशेठनंही माझा फोटो घेतला, डाग काढला, आणि एकाच चकचकीत कागदावर दोन फोटो शेजारी शेजारी छापले. डावीकडं डागाची मी, उजवीकडं बिनडागाची. खाली लाल अक्षरात 'आधी' आणि 'नंतर'. छापखान्यातून यावं तसं ते दिसत होतं. अप्पांनी कागद उलटा करून पाठ बघितली, नखानं रंग खरवडून बघितला. रंग निघाला नाही.

मशीनमधून दुसरा कागदही बाहेर आला होता. बद्रीशेठनं तो हळूच काउंटरच्या खाली सरकवला.

"तो कुणाला?" मी विचारलं.

"एक जरा बिघडला, ताई. फेकून देतो."

मी येताना एसटीत अप्पांना ते सांगितलं. दुधात बोट घालणारे माझे अप्पा, कंडक्टरवर संशय घेणारे माझे अप्पा, खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझ्या फोटोचं काय लोणचं घालायचंय त्येला?"

दसऱ्याला कॉम्प्युटर घरी आला. मॉनिटरवर विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं वाहिली. मायनं त्याच्यासाठी झालरीचं कापड शिवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले तर अप्पा डब्यासमोर उकिडवे बसून नखानं स्क्रूंवरच्या चंदेरी चिकट्या सोलत होते.

"अप्पा, त्यावर लिहिलंय, हे काढलं तर वॉरंटी जाती म्हणून."

"म्हणूनच काढलं," ते शांतपणे म्हणाले. "लपवायचं काय नसतं तर चिटकवलं कशाला असतं? शिंगाला रंग उगंच देत न्हाईत."

चिकट्यांखाली फक्त स्क्रू होते. अप्पा जरा हिरमुसले.

खोट दुसरीकडंच होती. कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर मेमरी मोजली जाते. ती मोजणी बत्तीसवर येऊन थांबायची, चौसष्टपर्यंत कधी गेलीच नाही. लग्नाचा एक मोठा फोटो उघडला की बाण जागच्या जागी गोठायचा आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरून परत यायचे. अप्पांनी एसटीडी बूथवरून बद्रीशेठला फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, सील शाबूत हाय का? अप्पांनी फोन ठेवून दिला. स्पीकरचा आवाज मात्र चांगला होता.

मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. माझं सगळं लक्ष अंबाजोगाईच्या निरोपाकडं होतं. दसरा झाला, कोजागरी झाली, निरोप आला नाही. आणि मग एका रविवारी निरोप न देताच पाहुणे आले. केदारनाथ, त्याचे मामा आणि मामी.

मामांची परळीच्या धान्याच्या मोंढ्यात अडत होती. अंगानं भारदस्त, आवाजानं हळू. ते खुर्चीत बसले आणि आधी खोलीभर नजर फिरवली. कॉम्प्युटरवर आल्यावर ती तिथंच थांबली.

"मशीन बद्रीशेठकडची का, ईश्वरप्पा?"

"हां. दसऱ्याला घेतली."

"मी बी गेलतो त्येच्याकडं. अडतीच्या हिशोबाला घ्यावी म्हणलं." मामांनी खिशातून घडी केलेला चकचकीत कागद काढला आणि टेबलावर उलगडला. "त्येच्या काउंटरच्या काचेखाली हे लावलंय. येणाऱ्या जाणाऱ्याला दावतो. म्हणला, सिरसाळ्याच्या एका पोरीचा बाप स्वतः आलता, पोरगी साफ करून द्या म्हणला. मी पैसे देऊन मागून घेतला. म्हणलं, आपल्या घरात यायची पोरगी हाय."

कागदावर मी होते. आधी आणि नंतर. किती जणांनी त्या काचेवर कोपर टेकवून मला बघितलं असेल, हा विचार आधी आला. केदारनाथचा विचार नंतर आला.

अप्पा घाईनं बोलायला लागले. मशीनची परीक्षा घ्यायची होती, काहीतरी काम द्यायचं होतं, दुसऱ्याचा फोटो कसा न्यायचा. ते खरं तेच सांगत होते, आणि ऐकणाऱ्याला ते खोटं वाटत होतं. खरं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे ते अडखळत होते, आणि तसं काही नव्हतं.

"पण तुमाला तर आमी डागाचाच फोटो दिलता," माय दारातून म्हणाली. "लपवलं कुठं?"

"तेच म्हणतो मी, वहिनी," मामा म्हणाले. "साफ करून घेतलेला फोटो हातात असताना तुमी डागाचा तसाच ठिवला. कावून? मी मोंढ्यात जन्म काढला. पोत्याला वरून एक भोक पडलंय म्हणून जो आपणहून सांगतो, त्येच्या पोत्यात खाली ओल असती. जो एक खोड आपल्या तोंडानं सांगतो..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं. अप्पांच्या ओठांची हालचाल मला दिसली. सवयीनं तेही बरोबर म्हणत होते.

मग मामी मला म्हणाल्या, "भाजल्याचा डाग मानेपर्यंत दिसतो, पोरी. कापडाखाली किती गेलाय, ते काय फोटोत येत न्हाई. मी बाईमाणूस हाय. आत चल, नुसती नजर टाकते. मग सगळ्यांच्या मनातलं जाईल."

मी अप्पांकडं बघितलं. माझी खात्री होती की ते आता उठतील. अप्पा तोंडाचे फटकळ होते, पाहुणाबिहुणा बघत नसत. एखाद्या गिऱ्हाइकानं मायला उद्देशून वाकडा शब्द काढला तर त्याला स्टुडिओच्या पायरीवरून खाली ढकलणारे अप्पा. ते उठले नाहीत.

"बघू द्या," ते म्हणाले. "आपल्यात खोट न्हाई. बघून घ्या, खात्री करा."

त्यांना वाटलं, हेच खरेपणाचं लक्षण आहे. डबा उघडून दाखवायचा. खोट नाही त्यानं भ्यायचं कशाला. हे मला सगळं कळत होतं, आणि तरी मला त्या क्षणी त्यांची किळस आली. मायनं आतल्या दाराचा पडदा धरला होता. ती तो बाजूला करत होती की घट्ट धरून ठेवत होती, हे मला सांगता येणार नाही.

मी उठले. पण आत जायच्या आधी केदारनाथसमोर उभी राहिले.

"तुमी विचारलं होतं, मी सांगितलं होतं. तेव्हा खरं वाटलं होतं का?"

तो दचकला. "वाटलं होतं."

"आता?"

त्यानं मामांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. मॉनिटरवरच्या झालरीकडं बघत म्हणाला, "मामी नुसतं बघून येतील. तुमच्या मनात काय नसंल तर हरकत काय?"

तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्या दिवशी सगळ्या बैठकीत एकट्यानं मला सरळ प्रश्न विचारला होता आणि सरळ उत्तर घेतलं होतं. तेवढ्यावर मी महिनाभर मनात संसार मांडला होता. तो संसार त्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत मोडला.

"तुमच्या पाठीवर बंबाचं पाणी सांडलं म्हणालात," मी म्हणाले. "मी तर सदरा काढा म्हणले न्हाई."

मी परत जागेवर येऊन बसले. "मामी, मी आत येत न्हाई."

मामांनी सावकाश कागदाची घडी घातली. त्यांना राग आला नव्हता. उलट हिशोब जुळल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. "बघा, ईश्वरप्पा," ते हळू आवाजात म्हणाले, "मी म्हणलं नव्हतं?"

पाहुणे उठले. पायऱ्या उतरताना केदारनाथ एकदा थांबला, मग मामांनी हाक मारली आणि तो गेला. आता परळीच्या मोंढ्यापासून अंबाजोगाईपर्यंत सगळ्यांना कळणार होतं की ईश्वरप्पांच्या पोरीच्या अंगावर काहीतरी आहे. दाखवायला तयार झाले असते तर डाग मानेपर्यंतचा राहिला असता. नाही म्हणाले म्हणून तो आता कुठवरही जाऊ शकत होता.

चहाला कुणी हात लावला नव्हता. माय कपबश्या गोळा करायला लागली. मी मॉनिटरवरचा हार काढला, झेंडू सुकून काळे पडले होते. अप्पा बराच वेळ दारात उभे राहून रस्त्याकडं बघत होते. मग आत येऊन माझ्या खुर्चीत बसले. मला वाटलं, ते आता बद्रीशेठला शिव्या देतील, किंवा मला. किंवा एखादे वेळी म्हणतीलही, की पोरी, माझं चुकलं. तसं म्हणाले असते तर मी लगेच विरघळले असते, इतकी मला त्याची गरज होती.

"रुद्रे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तेल उडालं तवा मी घरी नव्हतो. डाग मानेपर्यंतच हाय ना?"

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. हातातला हार तेवढा चुरगाळला गेला.

"मायला विचारा," मी म्हणाले.

आणि अप्पांनी मान वळवून मायकडं बघितलं.